पुन्हा पाठवण्याजोगा

नेस्तोरी आला-पुक्किला हा आमच्या रिंतालुओमा गावाचा दूधगाडीवाला. सकाळी घोडी जुंपायची, रस्त्याकडेच्या लाकडी ओट्यांवर लोकांनी आणून ठेवलेले दुधाचे डबे गाडीत चढवायचे, डेअरीत पोचवायचे आणि रिकामे डबे ज्याचे त्याला परत करायचे. नाकासमोर चालणारा माणूस. तो कुणाला उलट बोलल्याचं गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. लोक हा त्याचा गुण समजत. माझ्या मते तेच त्याचं दुखणं होतं.

रविवारी मात्र तो पेसापाल्लो खेळायचा, म्हणजे आमचा घरट्यांचा चेंडू. टोला मारायचा, पहिलं घरटं, दुसरं, तिसरं असं नागमोडी पळायचं आणि शेवटी घर गाठायचं. घर गाठलं की धाव. तुमच्या आधी चेंडू घरट्यात पोचला तर तुम्ही जळालात, आणि तीन जण जळाले की डाव संपला. पण टोल्याचा चेंडू कुणी हवेतच झेलला, तर त्या वेळी उघड्यावर पळत असणारा जळत नाही. तो जखमी होतो. ज्यांनी कुणी हा खेळ बसवला त्यांच्या डोक्यात पलटण होती हे आंधळ्यालाही दिसेल. गोळा हवेत असताना आडोशाला असलास तर वाचलास, उघड्यावर असलास तर जखमी. जखमी झालेल्यानं मुकाट्यानं बाजूच्या बाकड्यावर जाऊन बसायचं आणि टोल्याची पाळी आली की पुन्हा उठायचं. जळालेल्यांत त्याची मोजणी नाही, त्यामुळे संघाचं काही जात नाही.

संघाचं जात नाही म्हणूनच नेस्तोरीचं जात होतं. आमच्या संघाचा म्होरक्या होता कार्लो वॅस्तिला. गावातली सर्वांत मोठी शेती त्याची, आणि लढाईत तो लेफ्टनंट होता. नेस्तोरी त्याच्याच तुकडीत होता. बिल्ला काढलेली जुनी करडी लष्करी टोपी घालून वॅस्तिला टोलेवाल्यांच्या घोळक्यात उभा राहायचा आणि त्या टोपीनं हुकूम द्यायचा. टोपी डोक्यावर असली तर घरट्यातच थांब. टोपी वर उचलली तर टोल्याबरोबर सूट, चेंडू कुठे जातो ते बघत बसू नकोस. आणि टोपी काखेत मारली तर तुझं तू बघ, तुझ्या डोळ्यांना पटलं तर पळ. आजूबाजूच्या सगळ्या गावांना ही टोपी पाठ झाली होती, तरी वॅस्तिला खुणा बदलत नसे. लेफ्टनंटनं एकदा ठरवलं की ठरलं.

इतरांसाठी टोपी काखेत जायची. सहकारी दुकानात गल्ल्यावर बसणारा पाऊली, काल मिसरूड फुटलेला, त्याच्यासाठीसुद्धा जायची. नेस्तोरीसाठी कधीच नाही. तो तिसऱ्या घरट्यावर पोचला की टोपी वर. टोला बसायचा, नेस्तोरी सुटायचा, चेंडू झेलला जायचा आणि पंच ओरडायचा, "आला-पुक्किला जखमी." मग नेस्तोरी गुडघे झाडत बाकड्याकडे. कधी चेंडू झेलला गेला नाही तर तो घरीही पोचायचा, नाही असं नाही; पण तेव्हा लोक म्हणायचे, वॅस्तिलानं काय वेळ साधली.

"आलास का?" बाकड्यावरचा कुणीतरी म्हणायचा. "तुझी जागा ऊबदार ठेवलीय बघ."

यावर तो हसायचा. हसण्याचीही माणसाला सवय लागते.

पूर्वेच्या जंगलात लढाई चालू होती तेव्हाही तो निरोप पोचवणारा होता. टेलिफोनच्या तारा तुटल्या की वॅस्तिला नकाशावरून नजर न उचलता म्हणायचा, "आला-पुक्किला, निघ." आणि आला-पुक्किला निघायचा, वर काय उडतंय ते न बघता, मोकळं माळरान ओलांडून. पहिल्यांदा त्याच्या डाव्या पोटरीत लोखंडाचा तुकडा गेला. शाळेत थाटलेल्या इस्पितळात डॉक्टरनं त्याला चालायला लावलं, वाकायला लावलं, आणि शेजारच्या कारकुनाला सांगितलं, "पुन्हा पाठवण्याजोगा." पाठवला. शेवटच्या उन्हाळ्यात माघारीच्या गोंधळात उजव्या मांडीतून गोळी आरपार गेली. तेव्हाही डॉक्टरनं तेच म्हटलं असतं, पण तोवर लढाईच संपली. मेलेल्यांची नावं चर्चच्या अंगणातल्या दगडावर कोरली गेली. धडधाकट होते ते धडधाकट म्हणून परत आले. जखमी म्हणजे मधलाच, ना दगडावर ना कशावर, आणि वरून कामाचाही.

त्याच्या बायकोला, साइमीला, जखमी हा शब्द दोनदा टपालानं आला होता. लढाईनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती खेळ बघायला गेली. पंच ओरडला, "आला-पुक्किला जखमी," आणि मैदानभर टाळ्या पडल्या. साइमी उठली, कॉफीचा थर्मास पिशवीत घातला आणि घरी गेली. त्यानंतर ती मैदानाकडे फिरकली नाही. "दुसऱ्या शब्दांचा काय दुष्काळ पडला होता का?" एवढंच ती म्हणाली होती.

मी सांगतोय त्या वर्षी, लढाईनंतर बऱ्याच वर्षांनी, आमचा संघ तळाला होता. शेवटचा सामना शेजारच्या कांतोक्यूला गावाशी, आपल्याच मैदानावर. बरोबरी साधली तरी आम्ही मालिकेत टिकणार होतो, हरलो तर खालच्या वर्गात जाणार होतो. नेस्तोरी चाळिशी ओलांडून गेला होता आणि सकाळी गाडीवर चढताना गुडघा कुरकुरत होता. हा आपला शेवटचा उन्हाळा, हे त्यानं मनाशी ठरवलं होतं. त्याला एकच गोष्ट हवी होती. धाव नको, टाळ्या नकोत. त्याच्यासाठी एकदा, फक्त एकदा, टोपी काखेत जावी.

आठवडाभर तो हे वाक्य घोडीला म्हणून दाखवत होता. गुरुवारी सराव संपल्यावर वॅस्तिला सायकलची साखळी बसवत होता, तिथे तो जाऊन उभा राहिला.

"साहेब, जरा बोलायचं होतं." संघातले बाकी सगळे त्याला आता कार्लो म्हणत. नेस्तोरीच्या तोंडून ते निघत नसे.

"बोल की."

"रविवारी मी तिसऱ्या घरट्यावर असलो, तर निघायचं की नाही ते माझं मी ठरवावं म्हणतो. एकदाच."

वॅस्तिलानं साखळीवरची नजर काढली नाही. "का रे? मी वेळ चुकवतो का?"

"तसं नाही साहेब."

"मग? तू तिथून टोल्याबरोबर सुटलास की त्यांचं अख्खं मैदान बिथरतं. झेलला चेंडू तर झेलला. तू जखमी होशील, बाद थोडाच होतोस? बसायचं बाकड्यावर, सरबत प्यायचं, पाळी आली की उठायचं. तुझं जातं काय?"

काय जातं ते नेस्तोरीला सांगता येईना. आठवडाभर पाठ केलेलं वाक्य संपलं होतं आणि दुसरं त्यानं बांधून आणलं नव्हतं. "एकदाच, साहेब," तो पुन्हा म्हणाला.

"बघू," वॅस्तिला म्हणाला, आणि हात गवताला पुसून सायकलवर बसला.

बघू. आमच्याकडे बघू म्हणजे नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. पण नेस्तोरीनं त्या शब्दाला तीन दिवस उराशी धरलं. घरी साइमीलाही सांगितलं, की साहेब बघतो म्हणाले.

"कुठे बघतात ते तुझे साहेब?" साइमी म्हणाली. "इतक्या वर्षांत तुझ्याकडे तर बघितलेलं दिसत नाही."

रविवारी युवक मंडळाच्या इमारतीमागे सगळं गाव जमलं. शेवटचा डाव आमचा होता, आम्ही एका धावेनं मागे, आणि दोघं आधीच जळालेले. नेस्तोरी जीव तोडून पळत तिसऱ्या घरट्यावर येऊन पोचला होता. टोल्याला पाऊली. त्याचे दोन टोले वाया गेले होते, आता तिसऱ्याला त्याला पळावंच लागणार होतं. नेस्तोरी घरी पोचला तर बरोबरी होणार होती. हे सगळ्यांना कळत होतं, म्हणून मैदान चिडीचूप झालं.

नेस्तोरीनं वॅस्तिलाकडे पाहिलं. वॅस्तिला पाहत होता मैदानाकडे: कांतोक्यूलाचे गडी कुठे उभे आहेत, कोण पुढे सरकलाय, कुठे फट आहे. म्होरक्याचं कामच ते. पण त्या घटकेला नेस्तोरीला दुसरंच दिसलं. नकाशावर वाकलेलं तेच डोकं, तीच मान. तेव्हा आपण त्याच्या डाव्या अंगाला इतके जवळ उभे असायचो, की हाक न मारता बोलता आलं असतं. नुसती मान वळवली असती तरी पुरे होतं. वॅस्तिलाचा हात टोपीकडे गेला. आता काढेल, आता काखेत मारेल. टोपी वर गेली.

चेंडू फेकणाऱ्यानं चेंडू सरळ वर उडवला, पाऊलीनं टोला हाणला. नेस्तोरी हलला नाही.

तो ठरवून थांबला असं म्हणणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर पायच उचलले गेले नाहीत. चेंडू उंच गेला, दोन गड्यांच्या मधोमध खाली आला, दोघंही "तू घे" म्हणत एकमेकांकडे पाहत राहिले आणि तो मऊ मातीत टपकन पडला. टोल्याबरोबर सुटलेला माणूस चालत घरी पोचला असता. कांतोक्यूलाच्या गड्यानं भानावर येऊन चेंडू उचलला आणि पहिल्या घरट्याकडे फेकला. पाऊली जळाला. तिसरा. खेळ खलास.

मग जो आवाज उठला तो डेअरीपर्यंत ऐकू गेला असेल. "अरे झोपला होतास का?" "खांब रोवलाय तिथे." "टोपी दिसली नाही का रे, दूधवाल्या?" नेस्तोरी तिसऱ्या घरट्यावर तसाच उभा होता. वॅस्तिलानं टोपी डोक्यावर घातली आणि कांतोक्यूलाच्या म्होरक्याशी हात मिळवायला निघून गेला. त्यानं नेस्तोरीला एक शब्द विचारला नाही, शिवीसुद्धा दिली नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरी साइमी बटाटे सोलत होती. ओरडा तिनं ऐकला होता.

"हरलात?"

"हरलो. माझ्यामुळे."

"जखमी?"

"नाही. टोपी वर गेली, आणि मी गेलोच नाही."

साइमीच्या हातातली सुरी थांबली. "गेलाच नाहीस?"

"नाही."

"वर्षं किती लागली रे तुला हे सुचायला," ती म्हणाली, पण आवाजात टोमणा नव्हता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. "मग तोंड असं का करून बसलायस?"

नेस्तोरी बूट काढत होता. नाडीची गाठ सुटेना. "चेंडू बघितलाच नाही मी," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी ठरवू द्या म्हणून गेलो होतो त्यांच्याकडे. आणि डोळे सगळा वेळ त्यांच्यावरच. चेंडू बघितला असता तर कळलं असतं ना, की कुणी झेलणार नाही. पळालो असतो. माझं मी ठरवून पळालो असतो. बरोबरी झाली असती." नाडी तुटली. "तेलही गेलं, तूपही गेलं."

साइमीनं त्याच्यापुढे ताक आणि राईची भाकरी ठेवली.

तरी सोमवारी घोडी जुंपताना त्याला एक प्रकारचा हुरूपच आला होता. आज प्रत्येक ओट्यावर आपल्याला फाडून खातील. खाऊ देत. म्हणतील, का नाही गेलास? आणि तो सांगणार होता: नाही गेलो, मनात नव्हतं. हे उत्तर त्यानं गोठ्यात दोनदा म्हणून पाहिलं, आणि ते वाटलं होतं त्याहून सोपं निघालं. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःच्या कृतीबद्दल बोलणी खायला निघाला होता.

पहिल्या ओट्यावर हिल्मा म्हातारी. हिची जीभ म्हणजे तापलेला सांडस. गेल्या वर्षी एका चुकलेल्या झेलाबद्दल तिनं पाऊलीला महिनाभर सोलून काढलं होतं. नेस्तोरी गाडीवरून उतरला आणि तयार राहिला.

"सावकाश उतर बाबा," हिल्मा म्हणाली. "डबा राहू दे, माझा नातू चढवेल." आणि तिनं त्याच्या हातात फडक्यात बांधलेला भाजक्या चीजचा तुकडा ठेवला.

नेस्तोरीला कळेना. "हिल्माबाई, काल मी..."

"कळलं, सगळं कळलं. माझ्या भावाचंही असंच होतं. हवा बदलली की."

पुढच्या ओट्यावर रूस्का भाऊ. काल "खांब" म्हणून सर्वांत मोठ्यांदा ओरडणारे हेच दोघं. आज ते डबे स्वतः गाडीवर ठेवत होते आणि त्याच्या नजरेला नजर देत नव्हते. "काल तोंडातून गेलं रे, नेस्तोरी," थोरला म्हणाला. "आम्हाला ठाऊक नव्हतं."

"काय ठाऊक नव्हतं?"

"असू दे. त्यावर बोलायला नको," थोरला म्हणाला आणि आत निघून गेला.

असंच सगळीकडे. कुणी पाठ थोपटली, कुणी घोडीचा लगाम धरला, एकीनं चोळायला डांबराचं मलम दिलं. नेस्तोरीचं उत्तर तसंच राहिलं, कारण प्रश्नच कुणी विचारत नव्हतं. मलमाची डबी हातात घेऊन तो गाडीवर बसला तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडू लागला, आणि कानशिलं तापली.

वॅस्तिलाच्या ओट्यावर एरवी त्यांची मोलकरीण डबे आणून ठेवायची. आज स्वतः वॅस्तिला उभा होता, टोपी घालून.

"ये, ये. वाटच बघत होतो," तो म्हणाला. "काळजी करू नकोस. काल कॉफीला सगळे तुझ्यावर उखडले होते. मी त्यांना सांगितलं, की त्याचा लढाईतला पाय ऐन वेळी धरला. सगळे गप्प झाले."

"पाय धरला नव्हता, साहेब."

"अरे, मला कळतं."

"नाही कळत तुम्हाला. टोपी मला दिसली होती. मी मुद्दाम थांबलो. मनात नव्हतं जायचं." त्यानं हे एका दमात म्हटलं.

वॅस्तिलानं हात हलवला, घोंगावणारी माशी हाकलावी तसा. "असं म्हणू नकोस बाबा. कुणापुढे बोलू नकोस असलं. माझ्या माणसाची बदनामी मी होऊ देणार नाही, तेव्हाही दिली नाही." मग तो जरा जवळ सरकला. "फक्त एक. मी त्यांना डावा पाय सांगितलाय. डावाच होता ना?"

नेस्तोरीनं दुधाचा डबा दोन्ही हातांनी धरला होता. तो त्यानं खाली ठेवला.

"दोन्ही," तो म्हणाला.

"दोन्ही?"

"आधी डावा, मग उजवा. दोन्ही वेळा तुम्हीच पाठवलं होतं."

वॅस्तिलानं नजर खाली वळवली आणि त्याच्या पायांकडे बघितलं, बराच वेळ. तोंडाकडे नाही. घोडीनं शेपूट हाणली. डेअरीचा भोंगा वाजला, म्हणजे आज उशीर झाला होता.

"बरं," वॅस्तिला अखेर म्हणाला. "पुढच्या रविवारी कांतोक्यूलावाल्यांनी मैत्रीचा सामना ठेवलाय, त्यांच्याकडे. जमेल ना तुला?"

"नाही," नेस्तोरी म्हणाला.

"हो, हो," वॅस्तिला समजुतीनं मान डोलवत म्हणाला. "आधी पाय बरे होऊ देत."